समोरच्या टपरीवर चहा पिणारे साहेब

माझ्या हॉटेलात बसून माझा चहा नाकारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसता नाकारला असता तर पोट बिघडलं असेल, साखर असेल, असं मी समजलो असतो. पण हा गृहस्थ उठला, रस्ता ओलांडून समोर सुमनताईच्या टपरीवर गेला आणि माझ्याकडे तोंड करून, बशीत ओतलेला चहा फुरके मारत प्यायला. माझ्या दारात तेव्हा टुरिस्ट बसवाल्यांचा माणूस उभा होता. त्यानंही ते पाहिलं.

मी धंदेवाला आहे. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतून उतरलो तेव्हा बापानं बरोबर एक कोयता दिला होता, आणि तो विकूनच मी खालचं पहिलं जेवण जेवलो. महाडच्या स्टँडसमोर कपबश्या विसळल्या, भंगार गोळा केलं, पडलेल्या घरांच्या दारं-खिडक्या घेतल्या आणि विकल्या. या सगळ्यात एक गोष्ट शिकलो, की सौदा चहावर सुरू होतो. चहा घेतलेला माणूस अर्धा नमलेला असतो. आणि या म्हाताऱ्यानं पहिल्याच झटक्यात माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं.

पुढे कळलं की तो त्यांचा नियम होता. ज्या इमारतीची पाहणी चालू आहे, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. निकाल लागला की मग काय हवं ते द्या, ते मिटक्या मारत खातील.

जिल्ह्यातल्या कुठल्या जुन्या इमारती वारसा म्हणून यादीत घालायच्या, कुठलीला कोणती श्रेणी द्यायची, हे ठरवणारी एक समिती होती. तिच्यासाठी गावोगाव फिरून इमारती बघायचं काम यांच्याकडे होतं. आयुष्यभर सरकारी बांधकामं करून निवृत्त झालेले. "मी बांधलेलं एकही यादीत येणार नाही, म्हणून दुसऱ्यांनी बांधलेलं शोधत फिरतो," म्हणायचे. महाडात भाड्याची खोली घेऊन राहायचे आणि एसटीनं हिंडायचे. जुन्या वास्तूत पाऊल टाकण्याआधी कॅनव्हासचे बूट काढायचे, नाड्यांची गाठ मारायचे आणि गळ्यात हार घातल्यासारखे अडकवायचे. खिशात एक अख्खी सुपारी असायची. ती जमिनीवर सोडून द्यायची आणि ओणवं होऊन ती कुठं घरंगळते ते बघत राहायचं. त्यावरून कुठली भिंत खचली आहे, पाणी कुठून बाहेर पडत होतं, सगळं कळतं म्हणे. त्यावरून आमच्याकडे त्यांचं नाव पडलं सुपारीसाहेब. टिपणं करायचे ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. "कागद जाड असतो आणि फुकट असतो," म्हणाले. फुकट हा शब्द ऐकून मला वाटलं, चला, माणूस आपल्या जातकुळीतला दिसतो, जमेल. तिथंच मी फसलो.

पुढच्या दारानं ते कधी आत जात नसत. पुढचं दार पाहुण्यांसाठी असतं, घर मागच्या दारानं कळतं, हा त्यांचा हिशेब. एका गावच्या पुढाऱ्यानं त्यांना हौसेनं आपलं देऊळ दाखवायला नेलं. ऑइलपेंट मारून चकचकीत केलेलं. साहेब मागून गेले आणि तिथं धुणी धुवायला टाकलेल्या एका कोरीव दगडाशी उकिडवे बसले. आरती झाली, नारळ फुटला, पुढारी हार घेऊन ताटकळला, तरी हे दगडाशीच. तुडीलला तर सावित्रीच्या खाडीकाठी ओहोटीची वाट बघत दिवसभर बसले होते. कशासाठी, तर पाण्याखालच्या धक्क्याच्या पायऱ्या मधोमध किती झिजल्यात ते बघायचं होतं. गावातली पोरं म्हणाली, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय पाण्यात.

लोकांना त्यांची भीती वाटायची. यादीत नाव गेलं की घर सरकारजमा, अशी हूल उठली होती. कापडे गावात एका आजोबांनी त्यांना बघून दाराला आतून कडीच घातली.

"नाय उघडनार! यादीत नाव गेला की घर सरकारचा होतो."

साहेब ओट्यावर मांडी घालून बसले आणि बंद दाराशी बोलायला लागले. "आजोबा, घर तुमचंच राहतं. राहा, विका, पोरांच्या नावावर करा. फक्त पाडायचं किंवा मोडतोड करायची झाली तर आधी विचारायचं."

"आनि गळला तर?"

"तर शाकारा की. त्याला कोण नाही म्हणतंय?"

आतून कडी जराशी वाजली. मग, "शाकारायला तुमी येनार हाव?"

"येतो."

आणि त्या उन्हाळ्यात ते खरंच गेले. गुडघ्यांमुळे शिडी चढवली नाही, पण खालून वर कौलं देत उभे राहिले. मला हे कळलं तेव्हा मी म्हणालो, हा माणूस एक तर वेडा आहे नाहीतर माझ्यापेक्षा हुशार आहे.

आता माझी जागा सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. पोलादपुराबाहेर महाबळेश्वरचा घाट जिथं सुरू होतो त्या रस्त्यावर पुढे एक दुमजली घर आणि मागे जुना गाडीतळ. वर घाटावर मीठ आणि सुकी मासळी जायची, वरून गूळ आणि मिरची यायची, त्या बैलगाड्या रात्री इथं सुटायच्या. लांबच लांब कौलारू पडवी, ऐनाचे खांब, काळ्या दगडाची भिंत आणि बैलांना पाणी प्यायला एक दगडी डोण. मी सगळं एकगठ्ठा घेतलं. पुढचं घर अगदी साधं होतं, खेड्यातल्या वाण्याचं असावं तसं. मी त्याला रूप आणलं. ठिकठिकाणी पडलेल्या घरांतले कोरीव खांब, नक्षीच्या तुळया, पितळी फुल्यांचे दरवाजे आणून बसवले. मुंबईचं गिऱ्हाईक खाली उतरलं की आधी फोटोच काढायचं.

माझा बेत असा, की पुढचं घर यादीत वरच्या श्रेणीत घालायचं आणि दारावर पितळी पाटी लावायची, बसवाल्यांना ती हवी होती. मागचा तळ पाडून बसगाड्यांना वळायला मोकळी जागा करायची. बसवाल्यांशी बोलणं शेवटाला आलं होतं. त्यांच्या सगळ्या सहली माझ्याकडे जेवणार होत्या. हे जमलं नाही तर नव्या रुंद रस्त्यावरून गाड्या माझ्या तोंडासमोरून सुसाट निघून जाणार, आणि मी गल्ल्यावर माश्या मारत बसणार. एवढं त्या यादीवर अडलं होतं. म्हणून मी स्वतः अर्ज करून साहेबांना बोलावून घेतलं. दुसऱ्या कुठल्या घरमालकानं त्यांना बोलावल्याचं मला माहीत नाही.

चहाचा तो अपमान गिळून मी त्यांना घर दाखवलं. माझी एक सवय आहे. भाव करताना माझा डावा हात गल्ल्याशेजारच्या खांबावर असतो. ही बायकोनं लावलेली सवय. पूर्वी राग आला की हात टेबलावर आपटायचा. एकदा काच फुटून मनगटाला टाके पडले, तेव्हा ती म्हणाली, "तुमचा हात त्या खांबाला धरून ठेवा, नाहीतर मी बांधून ठेवते." तर त्या खांबाला धरून मी उभा होतो.

"हा खांब सुरेख आहे," साहेब म्हणाले. "कुठला?"

कोणी मालाची तारीफ केली की माझी जीभ सुटते. "तुडीलचा. सावकाराचं घर होतं. नातू मुंबईला, त्याला लाकडातलं काय कळतंय! त्याला म्हटलं वाळवी लागलीय. पडेल भावात दिला."

"वा. आणि ती तुळई?"

"बिरवाडीची. तिघे भाऊ भांडत होते. मी तिघांशी वेगवेगळं बोललो."

"आणि हा दरवाजा?"

"ह्याची तर गंमतच आहे, साहेब…"

असं करत मी त्यांना अख्खं घर फिरवलं. प्रत्येक खांबामागची करामत सांगितली. ते मान डोलवत होते, लग्नपत्रिकांमागून लग्नपत्रिका भरत होते, आणि मला वाटत होतं की श्रेणी वर चढते आहे. बायको दारात उभी राहून डोळे मोठे करत होती. मी म्हटलं, हिला काय कळतंय.

मग ते मागे गेले आणि मागेच राहिले. दुपार टळली तरी पुढे येईनात, म्हणून मी बघायला गेलो. गळ्यात बूट, जमिनीवर सुपारी, आणि साहेब एका खांबाला मिठी मारल्यासारखे उभे.

"शेठ, इकडे या. इथं बोट घाला."

खांबाला गुडघ्याच्या थोडं वर एक खाच होती. गुळगुळीत, आतून वाटोळी. बोट सहज बसलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"बैल आहे," ते म्हणाले. "दावं घासून घासून पडलीय. प्रत्येक खांबाला आहे बघा. रात्रभर बैल मान हलवायचा, दावं घासायचं. किती बैल, किती रात्री! तो उंबरा बघा, चाकोरी उमटलीय दगडात. बांधलेलं सगळ्यांनाच दिसतं, शेठ. झिजलेलं बघायला शिका. बाजारात सगळं मिळतं, झीज विकत मिळत नाही."

विकत मिळत नाही, हे माझ्यासारख्याला तोंडावर सांगायचं! मी तिथून निघून आलो. उगाच काहीतरी बोललो असतो.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी कच्ची यादी लागली. त्यात माझं पुढचं घर नव्हतं. शेरा होता: 'मूळ वास्तूचा भाग अत्यल्प, बहुतेक काम इतर ठिकाणांहून आणलेले.' म्हणजे माझीच बडबड, सरकारी भाषेत. आणि मागचा गाडीतळ, डोणीसकट, दुसऱ्या श्रेणीत! पाडायचं तर परवानगी, आणि ती मिळायची नाही. बसवाल्यांनी दोन दिवसांत बोलणं मोडलं आणि पुढच्या वळणावरचं हॉटेल धरलं.

गावाला आयतंच कोलीत मिळालं. सुमनताई रस्त्यापलीकडून ओरडली, "काय रे भाऊ, बैल पास झाले नि मालक नापास?" टपरीवरची सगळी गिऱ्हाईकं हसली. माझा हात खांबावर होता म्हणून, नाहीतर त्या दिवशी आणखी एक काच गेली असती.

यादीवर हरकत घेता येते. मी घेतली. अलिबागला सुनावणीला इस्त्रीचा सदरा घालून गेलो आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसलो. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय?

"दोन्ही घ्या नाहीतर दोन्ही सोडा," मी म्हणालो. "सुटा माल मी देत नाही."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "आम्ही चार गोष्टी बघतो. वास्तू किती जुनी, तिच्यात मूळचं किती उरलंय, तशी दुसरी कुठं आहे का, आणि ती गेली तर कोणाला चुकल्यासारखं वाटेल. या घाटाच्या पायथ्याला अनेक तळ होते. हा एकच उभा आहे. आणि तो शेठनी पडू दिला नाही, दरवर्षी कौलं परतली, हे नोंदवून घ्यावं."

कौलं मी परतत होतो ती आत सिमेंटच्या गोणी ठेवायचो म्हणून. पण बोललो नाही.

"आणि पुढचं घर?" अध्यक्ष म्हणाले.

"पुढच्या घराला किंमत नाही असं मी म्हटलेलं नाही. त्याचं स्वतःचं असं अजून काही नाही, एवढंच."

"माझं घर दुसऱ्याचं काय?" मी ओरडलो. "चोरून आणलंय का? पैसे मोजलेत मी!" शिपायानं मला पाणी दिलं. हरकत फेटाळली.

चार दिवसांनी साहेब आले. थेट माझ्या पुढच्या हॉलमध्ये बसले, पंख्याखाली, आणि म्हणाले, "शेठ, चहा सांगा. आलं जास्त." मी सांगितला. त्यांनी दोन कप घेतले, वर कांदाभजी घेतली, आणि "झकास" म्हणाले. मला आधी बरं वाटलं. ते गेल्यावर लक्षात आलं, की चहा घेतला म्हणजे निकाल लागला. माझ्या घराची पाहणी संपली. त्या भज्यांचं बिल मी घेतलं नाही, याचाही मला आजवर राग आहे.

त्यानंतर ते अधूनमधून यायचे, तळाच्या डागडुजीवर नजर ठेवायला. मी प्रत्येक गोष्टीवर घासाघीस केली.

"वर पत्रा टाकतो."

"कौलं."

"निदान मागच्या अर्ध्या भागावर?"

"मागच्या अर्ध्या भागावर पण कौलं."

"पंखे?"

"लावा. खांबाला भोक पाडायचं नाही, वरून तारेनं सोडा."

"फरशी?"

त्यांनी खिशातून सुपारी काढून जमिनीवर सोडली. ती हळूहळू घरंगळत भिंतीच्या कडेच्या पन्हळीत जाऊन पडली. "पाणी कसं जातं बघितलंत? बैलांचं मूतसुद्धा थांबत नव्हतं इथं. फरशी घालाल आणि ही वाट बुजवाल."

आयुष्यात पहिलं गिऱ्हाईक भेटलं, ज्याचा पहिला भाव तोच शेवटचा.

तळाचं करायचं काय, हा प्रश्न मात्र राहिला. एकदा जेवताना मी नेहमीसारखा चिडचिड करत होतो, तर बायको म्हणाली, "पाडायचं नाही म्हणालेत. वापरायचं नाही असं कुठं म्हणालेत? बैल बसत होते तिथं माणसं बसली तर काय बिघडतं?"

"माणसं गोठ्यात जेवायला येतील?"

"तुम्ही आणलेल्या खांबांचे फोटो काढून तर निघून जातात. जेवतात कुठं?"

साहेबांना विचारलं. वाटलं, आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "तळच आहे तो. गाड्या सोडून माणसांनी भाकरी खायचीच जागा." तेवढ्यावर त्यांनी एक लग्नपत्रिका भरली आणि परवानगी आणून दिली. तिच्यासाठी समितीशी ते दोन वेळा भांडले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

बायकोनं चुली मांडल्या, भिंतीपासून हातभर लांब, साहेबांनी आखून दिल्या तिथंच. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावसात कुर्ल्यांचं कालवण. पहिलं वर्ष कोरडं गेलं. मग प्रतापगडला जाणाऱ्या शाळेच्या सहली थांबायला लागल्या. पोरं खांबाच्या खाचांत बोटं घालतात आणि विचारतात, हे काय आहे? मी सांगतो, बैल आहे. बसवाल्यांनी दिलं असतं तेवढं अजून मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण गेल्या पावसाळ्यात घाट बंद झाला तेव्हा वरून येणारी आणि वर जाणारी माणसं तळात मुक्कामाला होती, ट्रकवाले, भाजीवाले, एक लग्नाचं वऱ्हाड. नवरीनं डोणीवर पाय धुतले. ती जागा तशी भरलेली मी पहिल्यांदाच बघितली. सुमनताईसुद्धा स्टोव्ह घेऊन आली. म्हणाली, "एकटीला जमनार नाय गो तुला," बायकोला, मला नाही.

साहेब मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात गेले. गेल्या हिवाळ्यात यादीची फेरतपासणी निघाली आणि ते एसटीतून उतरले. हातात काठी आलेली. बूट मात्र गळ्यातच. मागच्या दारानं तळात गेले, बराच वेळ राहिले, उंबऱ्यावर हात फिरवला. मग पुढे आले.

मी एका टूरवाल्याशी भावावरून वाद घालत होतो. साहेब बाजूला उभे राहून बघत होते. टूरवाला गेल्यावर म्हणाले, "शेठ, हात काढा."

"काय?"

"खांबावरचा हात काढा."

काढला. तुडीलच्या त्या खांबाचं पॉलिश छातीच्या उंचीवर उडून गेलं होतं. तिथं हाताच्या पंजाएवढी जागा काळपट, तुळतुळीत झाली होती. पॉलिशवाला तीन वेळा येऊन गेला होता, पण त्याचा भाव मला पटत नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं होतं. मला लाज वाटली. म्हणालो, "करून घेतो साहेब, पुढच्या आठवड्यात माणूस येतोय."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या जागेवर आपला पंजा ठेवला. मग अंगठ्यानं कड चाचपली, जिथं माझं अंगठीचं बोट घासतं तिथं.

"हे तुडीलचं नाही," ते म्हणाले.

"खांब तुडीलचाच आहे, साहेब. मी स्वतः…"

"खांब तुडीलचा. हे इथलं आहे."

माझं गप्प होणं बायकोनं आतून ऐकलं आणि ती बाहेर आली.

"म्हणजे यादीत घेणार?" मी विचारलं.

"असं म्हणालो का मी?"

"मग काय म्हणालात?"

त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि पाठीमागे काहीतरी खरडलं. मी वाकून बघायला लागलो तर पत्रिका उलटी केली. वर गणपती आणि कोणाचं तरी शुभमंगल.

मी सवयीनं आत ओरडलो, "दोन चहा! एकात आलं जास्त!"

साहेबांनी काठी उचलली. "नको, शेठ. समोर घेतो."

आणि ते रस्ता ओलांडून गेले. सुमनताईनं बाकडं पुसलं आणि तिथूनच मला ऐकवलं, "काय रे, एवढा मोठा हाटेल नि म्हाताऱ्या मानसाला चहा पन देत नाय?" साहेब माझ्याकडे तोंड करून बसले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मी खांबाला हात लावून तो सगळा चहा संपेपर्यंत बघत राहिलो. बायको म्हणाली, "हसताय काय?" मी म्हणालो, हसत नाही.

दुसऱ्या दिवशी पॉलिशवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. भाव पटला नाही, म्हणालो.